सर विश्वेश्वरय्या आणि आमच्या घरचे पाणी

दरवर्षी १५ सप्टेंबरला देशभर अभियंता दिन पाळला जातो. त्या दिवशी सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांच्या तसबिरीला हार पडतो, चार भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी आपण आपापल्या कामाला लागतो. बेळगावच्या विद्यार्थ्यांना हे नाव परके नाही. १९९८ साली येथे स्थापन झालेल्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. म्हैसूरचे दिवाण, कृष्णराजसागराचे शिल्पकार, भारतरत्न ही त्यांची ओळख शाळकरी मुलालाही सांगता येते. पण या मोठ्या पदव्यांच्या मागे एक साधे काम दडून गेले आहे. आयुष्याची ऐन उमेदीची चोवीस वर्षे हा माणूस मुंबई इलाख्याच्या चाकरीत होता, आणि त्या काळात त्याने गावोगावच्या माणसांच्या घरी पिण्याचे पाणी कसे पोहोचेल व ते कितीत पोहोचेल याचा हिशेब मांडला. प्रस्तुत लेखात मला त्यांच्या चरित्रातील हा एकच धागा उलगडून दाखवायचा आहे.

हा धागा माझ्या हाती लागला तो डिंडोलीमुळे. डिंडोली हे सुरतेच्या आग्नेयेस, उधना जंक्शन सोडल्यावर भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गालगतचे एकेकाळचे खेडे. आज ते शहरात विरून गेले आहे. तेथे आणि जवळच्या नवागाम, लिंबायत, उधना या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडची मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. घरात अहिराणी, कारखान्यात हिंदी आणि बाजारात गुजराती असा त्यांचा तिपेडी व्यवहार असतो. माझे वडील साक्री तालुक्यातून लूमच्या कामासाठी तेथे गेले आणि मी तेथेच वाढलो. पुढे नोकरीच्या निमित्ताने बेळगावला आलो. गावी कोरडवाहू जमीन होती, विहिरीला पाणी नव्हते. म्हणून पाण्यामुळे गाव सोडले, असे वडील सांगत. सुरतेत आल्यावर त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तोही पाण्याचाच.

माझ्या लहानपणी, म्हणजे नव्वदच्या दशकात, आमच्या भागात शेतजमिनींचे प्लॉट पडत होते आणि घरे नळाच्या आधी उभी राहत होती. सोसायटीचे बोरिंग असे. त्याचे पाणी खारट. त्यात डाळ शिजत नसे आणि बादलीच्या कडेला पांढरा थर धरे. प्यायचे पाणी लांबून, सायकलला कॅन अडकवून आणावे लागे. गुजरातीत पिण्याच्या गोड्या पाण्याला मीठुं पाणी म्हणतात. खानदेशातून नुकत्याच आलेल्या बायका हा शब्द ऐकून गोंधळत. मिठाचे पाणी आणायला एवढ्या लांब कशाला जायचे, असे त्यांना वाटे. उन्हाळ्यात टँकर आला की वर्गणी निघे. पुढे महापालिकेची लाइन आली, वेराबिल येऊ लागले, आणि आता तर बऱ्याच घरांत वीस लिटरचा जारही येतो. या साऱ्या काळात तापी नदी शहरातून वाहतच होती. नदी उशाला असताना माणसाला पाणी विकत का घ्यावे लागते, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस सतावत होता. विश्वेश्वरय्यांचे चरित्र मी वाचू लागलो ते या प्रश्नासह.

त्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यातला. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे जाणकार. घरची सांपत्तिक स्थिती बेताची, आणि विश्वेश्वरय्या पंधरा वर्षांचे असतानाच पितृछत्र हरपले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना त्यांनी एका कुटुंबातील मुलांच्या शिकवण्या करून पोटापाण्याची सोय केली. १८८१ साली बी. ए. झाल्यावर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये स्थापत्यशास्त्र शिकण्यासाठी आले. १८८३ च्या परीक्षेत ते पहिले आले. पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला सरकारी नोकरी हमखास मिळे. त्यानुसार १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून ते रुजू झाले. नेमणूक नाशिकला झाली आणि तेथून त्यांना खानदेशात पाठविण्यात आले. कन्नड मुलखातला हा तरुण अशा रीतीने पहिला अनुभव घ्यायला आमच्या मुलखात आला.

खानदेशातील त्यांचे पहिले काम पांझरेच्या खोऱ्यातले. साक्री तालुक्यात दातर्ती येथे एका प्रवाहाच्या पात्राखालून नळ घालून पाणी पलीकडे न्यायचे होते. एका काठाने खाली उतरलेले पाणी दुसऱ्या काठावर आपल्याच दाबाने वर चढते, या तत्त्वावरचा हा सायफन. काम ऐन पावसाळ्यात आले. प्रवाहाला पूर येत होता, खणलेल्या चरात वाळू भरत होती. काम पावसाळा सरेपर्यंत थांबवावे असे त्यांनी वरिष्ठांना कळविले, तेव्हा वरिष्ठांना ती नव्या माणसाची टाळाटाळ वाटली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी कपाळी हा शिक्का नको म्हणून त्यांनी काम पुढे रेटले, पुरात अडकून पडण्याची पाळीही सोसली, आणि अखेर सायफन पुरा केला. साहेबाचे मत बदलले. पुढे धुळे शहराच्या पाणीयोजनेचे कामही त्यांच्या हातून झाले.

येथे भूगोलाची एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पांझरा पुढे जाऊन तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ समुद्राला. म्हणजे ज्या पाण्यावर विश्वेश्वरय्या आपल्या कामाचा श्रीगणेशा गिरवीत होते, तेच पाणी खाली वाहत सुरतेला जात होते. शंभर वर्षांनी आमच्या वडिलांच्या पिढीने हाच उतार धरला. वरच्या खोऱ्यातली माणसे पाण्याच्या मागे मागे खाली आली, असे म्हटले तरी चालेल.

त्यानंतरचे महत्त्वाचे पर्व सिंधमधील सक्करचे. १८९४-९५ च्या सुमारास तेथील नगरपालिकेने सरकारकडे एक इंजिनियर मागितला आणि निवड विश्वेश्वरय्यांची झाली. सक्कर सिंधू नदीच्या काठी वसलेले. पाण्याला तोटा नव्हता. पण ते पाणी गढूळ, चिखलमिश्रित. ते स्वच्छ करायचे तर वाळूच्या मोठाल्या गाळणटाक्या बांधाव्या लागल्या असत्या आणि नगरपालिकेच्या तिजोरीत तेवढा पैसा नव्हता. एखाद्या सामान्य अधिकाऱ्याने पैसे नाहीत असा शेरा मारून कागद परत पाठवला असता. विश्वेश्वरय्यांनी नदीलाच गाळणी केले. पात्रालगत खोल विहीर खणून त्यांनी तिच्यापासून पात्राच्या वाळूखाली बोगदा नेला. नदीचे पाणी वाळूच्या थरांतून पाझरत विहिरीत उतरू लागले ते झऱ्यासारखे निवळ होऊन. मग ते पंपाने जवळच्या टेकडीवर चढवून नळांनी गावात खेळविण्यात आले.

मला हा प्रसंग त्यांच्या पुढील मोठ्या धरणांहूनही मोलाचा वाटतो. नदीचे पाणी फुकट असते हे खरे. पण ते पिण्याजोगे करून घरापर्यंत आणण्याला खर्च येतो, आणि तो कोणाला तरी भरावाच लागतो. गरीब गावाने महाग योजना आखली तर पट्टी महाग होते. पट्टी महाग झाली की गरीब माणूस नळापासून दूर राहतो आणि पुन्हा डबक्याकडे वळतो. योजना स्वस्त करणे ही म्हणूनच केवळ हुशारीची बाब राहत नाही. कोणाच्या घरी पाणी जाईल आणि कोणाच्या घरी जाणार नाही, याचा निर्णय पुष्कळदा नकाशा काढतानाच होऊन जातो.

सक्करनंतर, १८९६ च्या सुमारास, विश्वेश्वरय्या कार्यकारी अभियंता म्हणून सुरतेला आले. त्या वेळची सुरत आजच्यासारखी पसरलेली नव्हती. जुन्या शहरातील सधन घरांच्या चौकाखाली पावसाचे पाणी साठविण्याचे टांके असत. बाकीची वस्ती विहिरींवर आणि नदीवर अवलंबून. तापी शहराला वळसा घालून जाते, पण भरतीचे खारे पाणी शहरापर्यंत चढत असे. त्यामुळे गोडे पाणी घ्यायचे तर शहराच्या वरच्या अंगाला, वराछाच्या बाजूला जावे लागे. एकोणिसाव्या शतकाच्या त्या अखेरच्या दशकात सुरतेत नळाच्या पाण्याचे युग सुरू झाले. विश्वेश्वरय्यांचा तेथील मुक्काम अल्पकाळाचा होता आणि साऱ्या योजनेचे श्रेय एकट्या त्यांना देणे योग्य नव्हे. पण याच संक्रमणाच्या काळात ते तेथे काम करीत होते. नदीच्या वाळूतून पाझरलेले पाणी विहिरीत घ्यायचे, हा सक्करला वापरलेला मार्ग सुरतेत आजही टिकून आहे. तापीच्या पात्रात महापालिकेच्या फ्रेंच वेल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विहिरी आहेत. १९७२ साली वर उकाईचे धरण पुरे झाले, १९९५ साली रांदेर आणि सिंगणपोरच्या दरम्यान बंधारा झाला, आणि भरतीचे खारे पाणी बंधाऱ्याच्या खालीच अडले.

मग डिंडोलीच्या लोकांना पाणी विकत का घ्यावे लागले? कारण शहर नळापेक्षा वेगाने वाढले. लूम, डाइंग-प्रिंटिंग मिल आणि हिऱ्याच्या कारखान्यांनी माणसे खेचून आणली. ती हद्दीबाहेरच्या स्वस्त जमिनीवर राहिली. आणि हद्दीबाहेर नगराचा नळ नव्हता. अशा वस्तीत पाण्याचा खर्च एका बिलात दिसत नाही. बोरिंगच्या मोटरीचे वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, टँकरची वर्गणी, जारचे पैसे, आणि बाईमाणसाचा पाण्यापायी बुडालेला वेळ, अशा पाच खिशांतून तो जातो. एक सोपे गणित करून पाहावे. एक हजार लिटर म्हणजे वीस लिटरचे पन्नास जार. जार वीस रुपयांना धरला तर हजार लिटरला हजार रुपये पडतात. शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी मिळावे, असे मान आपल्या देशात धरले जाते. त्या हिशेबाने पाच जणांच्या कुटुंबाला हजार लिटर दीड दिवसदेखील पुरत नाहीत. अर्थात जारचे पाणी कोणी अंघोळीला वापरीत नाही. पण दर कळण्यासाठी हे गणित पुरेसे आहे. ज्याच्या घरी नळ नाही त्याला पाणी सर्वांत महाग पडते, आणि ज्याच्या घरी नळ नाही तो बहुधा गरीबच असतो.

सुरतेनंतर विश्वेश्वरय्या पुण्याला आले. १८९८ साली त्यांनी जपानचा प्रवास केला आणि १८९९ पासून पुणे विभागातील पाटबंधाऱ्यांचे काम त्यांच्याकडे आले. पुणे शहर आणि खडकीच्या छावणीला पाणी मिळे ते खडकवासल्याच्या तलावातून; लेक फाइफ हे त्याचे तेव्हाचे नाव. पावसाळ्यात हा तलाव भरून सांडव्यावरून पाणी वाया जाई आणि उन्हाळ्याच्या तोंडी ते अपुरे पडे. धरणाची भिंत उंच करावी तर खर्च मोठा आणि जुन्या पायाला धोका. तेव्हा सांडव्यावर त्यांनी स्वयंचलित दारे बसविण्याची योजना आखली. पाणी ठराविक पातळीला पोहोचले की ते दारालगतच्या विहिरीत शिरते, तेथे टांगलेल्या वजनांचा तोल बदलतो आणि दार आपोआप उघडते. पूर ओसरला की दार आपोआप मिटते. १९०३ साली ही दारे बसली. भिंतीला हात न लावता तलावाची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली. या दारांचे पेटंट त्यांच्या नावे झाले, परंतु सरकारी चाकरीत केलेल्या कामाबद्दल मानधन घेण्यास त्यांनी नकार दिला. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही अशी दारे आली.

पुणे विभागातच त्यांनी दुसरे एक काम केले, ज्यात दारांपेक्षा माणसांशी अधिक गाठ होती. कालव्याच्या तोंडाशी असलेला शेतकरी हवे तेवढे पाणी घेई आणि उसाला मनसोक्त पाजी; शेपटाकडच्याला मात्र कोरडा चर पाहत बसावे लागे. तोंडाकडच्या जमिनी पाणथळ होऊन बिघडत आणि शेपटाकडच्या पाण्यावाचून वाळत. यावर विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत सुचविली. जमिनीचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला काही वर्षांच्या कराराने निश्चित पाणी द्यायचे, गटाच्या साधारण एक-तृतीयांश भागात ऊस आणि उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके घ्यायची, व हा भाग पाळीपाळीने बदलायचा. शेतकऱ्याने ठरलेली पाणीपट्टी भरायची आणि खात्याने ठरलेले पाणी द्यायचे. सुरुवातीला ऊसवाल्यांनी विरोध केला, पुण्याच्या वृत्तपत्रांतून टीका झाली. विश्वेश्वरय्यांनी हुकूम सोडून मोकळे न होता शेतकऱ्यांना पटवून देण्याचा मार्ग धरला, आणि पद्धत रुजली.

ब्लॉक पद्धत शेतीची, माझा विषय घरगुती पाण्याचा. तरी हे मी विस्ताराने सांगितले, कारण तोंड आणि शेपूट हा भेद शहराच्या नळालाही असतो. डिंडोलीत लाइन आल्यानंतरही ज्यांचे घर मुख्य नळाजवळ, त्यांच्याकडे धार जोरात. गल्लीच्या टोकाला ती करंगळीएवढी. मग कोणीतरी नळालाच मोटर जोडतो. एकाने जोडली की दुसऱ्याला जोडावी लागते, आणि ज्याला मोटर परवडत नाही त्याच्या वाट्याला नळाचा सुस्कारा येतो. पट्टी मात्र दोघांनाही असते. लूमवर बारा तासांची पाळी करणारा माणूस पाण्याच्या वेळेला घरी नसतो, त्यामुळे भांडण्याचे काम बायकांच्या अंगावर पडते. या भांडणांत मी शेजाऱ्यांची मने कायमची तुटलेली पाहिली आहेत. नीरेच्या शेतकऱ्यांत जो तंटा होता त्याचीच ही गल्लीतली आवृत्ती होय.

१९०१ साली विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याचे सॅनिटरी इंजिनियर झाले. शहरांचे पिण्याचे पाणी आणि सांडपाणी या दोन्हींचा विचार त्यांना एकत्र करावा लागे. नळ आला आणि गटार आले नाही तर वस्तीत रोगराई वाढते, हे तत्त्व आज साधे वाटते, पण सुरतेने ते १९९४ च्या प्लेगच्या वेळी पुन्हा एकदा किंमत मोजून शिकून घेतले. १९०६ साली त्यांना एडनला पाठविण्यात आले. तेथे पाऊस जवळजवळ नाही. समुद्राचे पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून प्यायचे पाणी तयार करावे लागे. विश्वेश्वरय्यांनी आतल्या लाहेज प्रदेशात, नदीच्या कोरड्या पात्राखालचे पाणी विहिरींनी मिळू शकेल, असे सुचविले. सक्करचा धडा असा वाळवंटातही उपयोगी पडला. पुढे, १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीच्या पुराने हैदराबादची दाणादाण उडाली, तेव्हा निजाम सरकारने त्यांना बोलाविले. शहराच्या वरच्या अंगाला दोन जलाशय बांधावेत, ते पूरही अडवतील आणि शहराला पाणीही देतील, अशी त्यांची योजना होती. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव त्यातून निर्माण झाले.

१९०८ साली त्यांनी इलाख्याची नोकरी सोडली. हिंदी माणसाला सर्वोच्च अभियंत्याचे पद मिळण्याची आशा त्या काळी नव्हती. १९०९ साली ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ साली दिवाण. १९११ साली सुरू झालेले कृष्णराजसागराचे काम, १९१३ ची म्हैसूर बँक, १९१५ ची कन्नड साहित्य परिषद, १९१६ चे म्हैसूर विद्यापीठ, ही यादी आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. मला एवढेच सांगावेसे वाटते की, एवढ्या मोठ्या कामांसाठी लागणारी हिशेबाची शिस्त हा माणूस धुळे, सक्कर, सुरत, पुणे येथे नगरपालिकांच्या तुटपुंज्या तिजोऱ्या सांभाळीत शिकला होता.

चरित्र लिहिताना केवळ आरती ओवाळणे बरे नव्हे. १९१८ साली त्यांनी दिवाणपद सोडले. सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्या जातींना राखीव वाटा देण्याचा प्रश्न तेव्हा म्हैसुरात निघाला होता आणि विश्वेश्वरय्यांना ते धोरण मान्य नव्हते. गुणवत्ता हाच निकष असावा, असे त्यांचे मत. नळाच्या शेपटाला पाणी का पोहोचत नाही हे ज्यांनी इतके अचूक ओळखले, त्यांना समाजाच्या शेपटाकडची कोरड तितकी दिसली नाही, असे मला नम्रपणे वाटते. पाण्याच्या प्रश्नाची ही दुसरी बाजू दाखविली ती इतरांनी. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी महाडच्या तळ्याचे पाणी प्राशन केले. इंजिनियर पाणी गावापर्यंत आणू शकतो. त्या पाण्याला हात कोणी लावायचा, हे गावच ठरविते. अभ्यासकाने या दोन्ही चरित्रधारा एकत्र वाचल्या पाहिजेत.

दिवाणपद सोडल्यावरही ते स्वस्थ बसले नाहीत. समित्या, अहवाल, उद्योगधंद्यांची आखणी यांत त्यांची पुढची चार दशके गेली. १९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले. जन्मशताब्दी १९६० साली त्यांच्या हयातीतच साजरी झाली आणि टपाल खात्याने तिकीट काढले. दुसऱ्याच वर्षी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण फोडले. पुण्याचे अर्धे अंग पाण्यात बुडाले आणि त्याच शहराचे नळ कोरडे पडले. लोक जुन्या विहिरींकडे आणि हौदांकडे वळले. सुरतेने २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या महापुरात असाच अनुभव घेतला. घरात पुरुषभर पाणी आणि प्यायला घोटही नाही. ज्या तलावाची पातळी विश्वेश्वरय्यांनी एवढ्या काटकसरीने वाढविली होती, तो रिता झालेला त्यांना या उतारवयात ऐकावा लागला. १९६२ च्या एप्रिल महिन्यात बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

आता आपल्या गावाकडे वळू. बेळगावला पाणी येते ते मार्कंडेय नदीवरील राकसकोप तलावातून आणि घटप्रभेवरील हिडकल धरणातून. २००८ च्या सुमारास येथील काही प्रभागांत चोवीस तास पाणी आणि मीटरप्रमाणे बिल अशी योजना सुरू झाली. हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्यातही तेव्हाच. ज्या प्रभागांत ती आली तेथल्या घरांतील पिंपे आणि घागरी हळूहळू कमी झाल्या. ज्या प्रभागांत ती आली नाही तेथे काही दिवसांआड पाणी, आणि अंगणात पिंपांची रांग, हे चित्र पुढेही राहिले. मीटर चांगला की वाईट, असा वाद आपल्या स्टाफरूममध्येही मी ऐकला आहे. एक पक्ष म्हणतो, पाणी ही निसर्गाची देणगी, तिला दर कसला? दुसरा म्हणतो, पैसे पडले की नासाडी थांबेल.

विश्वेश्वरय्यांचे आयुष्य वाचल्यावर हे दोन्ही पक्ष मला अपुरे वाटू लागले आहेत. त्यांनी पाणी फुकट द्यावे असे कधी मानले नाही. नीरेच्या शेतकऱ्यांकडून त्यांनी पट्टीचा करार करून घेतला. पण त्या करारात पाणी देण्याची हमी आधी होती. आणि पट्टी ठरविण्यापूर्वी योजना शक्य तितकी स्वस्त करणे, साठलेले पाणी वाया जाऊ न देणे व शेवटच्या शेतापर्यंत ते नेणे ही खात्याची जबाबदारी आहे, असे ते आपल्या कामातून दाखवून देत होते. हा क्रम उलटा केला, की आधी बिल येते आणि पाणी मागाहून, किंवा येतच नाही. मग माणूस नगराचे बिलही भरतो आणि जारवाल्याचेही. डिंडोलीत मी जी नाराजी ऐकली ती पैसे द्यावे लागतात याची क्वचितच होती. पैसे देऊनही पाण्याचा भरवसा नाही, याची ती होती.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या इंजिनियर होतील, काही नगरपालिकेत कारकून, काही नगरसेवकदेखील होतील. त्यांच्या टेबलावर एखाद्या नव्या वस्तीच्या पाण्याचा अर्ज येईल; हद्दीबाहेर आहे, निधी नाही, असे दोन शेरे मारून तो परत पाठविता येईल. सक्करच्या नगरपालिकेकडेही निधी नव्हता. तिच्या वाट्याला आलेला तरुण इंजिनियर नदीच्या काठी जाऊन वाळू पाहत उभा राहिला, एवढाच काय तो फरक.